भंडाऱ्याचें घर आणि राजधानीचा कायदा

भंडारा शहरांतील एखाद्या गृहस्थास आजोबांच्या वेळचें कवेलूचें घर उतरवून तेथें दोन मजली पक्कें घर बांधावयाचें असलें, तर तो प्रथम गवंड्याकडे जात नाहीं. कागदांच्या शोधास लागतो. जागा नझूलची असेल तर पट्टा शोधावा लागतो. घर पूर्वीच्या मालगुजारी गांवांत असेल आणि तें गांव आतां शहराच्या हद्दींत आलें असेल, तर आबादीच्या जुन्या नोंदी पाहाव्या लागतात. पुढच्या खोलींत बापजाद्यांपासूनचा भाडेकरी असला, तर त्याच्या हक्काचा प्रश्न आलाच. हें सर्व निस्तरल्यावर नगरपरिषदेपुढें नकाशा ठेवावयाचा, आणि तो शहराच्या विकास योजनेशीं जुळतो कीं नाहीं याचा निकाल ऐकावयाचा.

हे कागद एका राजवटीचे नाहींत. कोणताही जिल्हा आपल्या घरांविषयींचा कायदा स्वतः करीत नाहीं. तो राजधानींतून येतो, हें सर्वत्र सारखेंच आहे. भंडाऱ्याचें वैशिष्ट्य असें कीं, येथें ती राजधानीच बदलली, आणि नवी राजधानी आली तरी जुनीचा कायदा गेला नाहीं. एका कायद्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर बसत गेले. त्या थरांखालीं घर बांधणाऱ्या माणसाचें काय झालें, तें आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

प्रारंभ खेड्यापासून करूं; कारण हा जिल्हा मूळचा खेड्यांचा, तलावांचा आणि धानाचा. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या जमाबंदींत सरकारनें गांवाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारास गांवाचा मालक ठरविलें. कालपर्यंत जो सरकारचा वसूलदार होता, तो शेतांचा, पडिताचा, तलावाचा आणि ज्या जागेवर लोकांचीं घरें उभीं होतीं त्या आबादीचाही धनी झाला. तलावाच्या पाळीपासून जरा उंचावर मातीच्या भिंतींचीं, बांबूच्या कामट्यांचीं, कवेलूंनीं शाकारलेलीं घरें. त्यांना नकाशा कसला आणि परवानगी कसली! परवानगी म्हणजे मालगुजाराचा शब्द. तो शब्द मिळाला कीं माणूस पायाची रेघ ओढी, आणि न मिळाला तर गांवांत राहूनही त्याला गांवांत जागा नसे.

या तोंडी कारभाराला कायद्याची पहिली वेसण पडली ती महसूलाच्या कायद्यानें. १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्यानें आबादींत कुळाला आणि गांवच्या कामगाराला घरापुरती जागा बिनभाड्यानें मिळण्याचा हक्क मान्य केला. घराच्या इतिहासांत हें कलम मला फार मोलाचें वाटतें. त्यांत विटांचा, खिडक्यांचा किंवा सांडपाण्याचा एक शब्द नाहीं. परंतु जो गांवाची शेती करतो आणि जो गांवाचा नांगर घडवितो, त्याला डोकें टेकावयास जागा मागण्याचा हक्क आहे, एवढें त्यांत स्पष्ट आहे. पुढच्या काळांतील अनेक जाडजूड कायद्यांना हें इतक्या थोडक्यांत सांगतां आलेलें नाहीं.

शहरांची गोष्ट निराळी. भंडारा, तुमसर आणि पवनी या तिन्ही ठिकाणीं १८६७ सालीं नगरपालिका स्थापन झाल्या. हीं शहरें म्हणजे आजच्या मानानें मोठीं गांवेंच होतीं. १९०१ सालीं भंडाऱ्याची वस्ती १४ हजारांच्या आसपास होती. पितळेचीं भांडीं घडविणारे, विणकाम करणारे कोष्टी, धानाचे व्यापारी आणि कचेरींतील कारकून अशी ती वस्ती. नगरपालिकांसाठीं मध्यप्रांतांत १८७३, १८८९, १९०३ आणि १९२२ असे एकामागून एक कायदे झाले. त्यांतून नव्या इमारतीची सूचना कमिटीला देण्याचें बंधन आलें. कमिटीची चिंता साधी होती : ओटा रस्त्यावर येऊं नये, पन्हळीचें पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडूं नये, मोरीला वाट असावी. शहराची वाढ कोणत्या दिशेनें व्हावी, शाळा कोठें असावी, बाजार कोठें, हे प्रश्न त्या कागदांत नव्हतेच.

परंतु नगरपालिकेनें होकार दिला म्हणजे काम झालें असें नव्हे. शहरांतील पुष्कळ जागा नझूल म्हणजे सरकारच्या मालकीची. पूर्वीच्या राज्याकडून आलेली, बेवारस राहिलेली, किंवा कोणाच्याही नांवें न लागलेली जमीन सरकारनें आपल्याकडे ठेवली आणि ती ठराविक मुदतीच्या पट्ट्यानें, भूभाडें घेऊन, लोकांना दिली. मग घराच्या भिंती मालकाच्या, पण त्यांच्याखालची माती सरकारची, असा प्रकार झाला. नकाशा पाहणारी कमिटी एक आणि जमिनीचा धनी असलेला डेप्युटी कमिशनर दुसरा. नगरपालिकेच्या सभेंत नागरिकांचे प्रतिनिधी बसत, पण जमिनीवर त्यांचा अधिकार चालत नसे. वऱ्हाड-नागपूरच्या शहरांत वाढलेल्या माणसाला ‘नझूल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला मात्र तो दोनदां सांगावा लागतो.

१९३६ सालीं नागपूरसाठीं सुधार प्रन्यासाचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षीं तो प्रन्यास कामास लागला. जुन्या वस्त्यांतून रस्ते काढणें, नवे भूखंड पाडणें, घाण काढून टाकणें यांसाठीं राजधानीला स्वतंत्र यंत्रणा मिळाली. भंडाऱ्यापासून नागपूर कांहीं फार दूर नाहीं. पण तो कायदा वैनगंगेपर्यंत आला नाहीं. राजधानीला प्रन्यास आणि जिल्ह्याच्या गांवाला परिपत्रक, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

मग दुसरें महायुद्ध आलें. सिमेंट, लोखंड, लांकूड यांची टंचाई झाली; बांधकामें थांबलीं; शहरांत माणसें वाढलीं आणि खोल्या वाढल्या नाहींत. घरमालक भाडें चढवूं लागले. अशा वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारनें १९४६ सालीं जागा भाड्यानें देण्याच्या नियमनाचा कायदा केला, आणि त्या कायद्याखालीं १९४९ सालीं घरें भाड्यानें देण्याविषयींचा व भाडें नियंत्रणाचा आदेश काढला. श्रोतेहो, भंडाऱ्याच्या घरांवर सर्वांत खोल ठसा जर कोणत्या कागदाचा उमटला असेल, तर तो या आदेशाचा.

त्यांतील मुख्य कल्पना अशी. मालकाला भाडेकऱ्यास घर सोडण्याची नोटीस द्यावयाची असेल, तर आधीं भाडें नियंत्रकाची लेखी परवानगी पाहिजे. ती परवानगी कांहीं ठरलेल्या कारणांसाठींच मिळे : भाडें थकलें आहे, भाडेकऱ्यानें पोटभाडेकरी ठेवला आहे, मालकाला स्वतःच्या राहण्यासाठीं जागेची खरोखर गरज आहे, किंवा घर मोकळें केल्याशिवाय होणार नाहीं अशी दुरुस्ती अथवा फेरबांधणी करावयाची आहे. परवानगी मिळाली कीं नोटीस. नोटिशीनंतर दिवाणी न्यायालय. मुंबई इलाख्यांत मालक थेट न्यायालयांत जाई. येथें त्याला प्रथम महसूल अधिकाऱ्याच्या दारांत उभें राहावें लागे, मग वरिष्ठाकडे अपील, आणि तें संपलें कीं न्यायालयांत पुन्हां पहिल्यापासून आरंभ. शिवाय घर रिकामें होणार असेल तर मालकानें तें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास कळवावयाचें, आणि तो सांगेल त्या सरकारी नोकरास किंवा निर्वासितास तें द्यावयाचें. आपल्याच रिकाम्या खोलीचें कुलूप आपल्या हातानें उघडण्यापूर्वीं सरकारला विचारावयाचें!

या आदेशाची थट्टा करणें सोपें आहे, पण ती मी करणार नाहीं. बदली होऊन आलेला शिक्षक, पितळेच्या कारखान्यांतील कारागीर, फाळणीनंतर हातांत एक पेटी घेऊन आलेलें कुटुंब, यांना महिन्याच्या शेवटीं रस्त्यावर जावें लागणार नाहीं हा धीर या आदेशानें दिला. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवेला त्याच खोल्या मुलाच्या लग्नानंतर परत मिळविण्यासाठीं वर्षानुवर्षें खेटे घालावे लागले. आणि तिसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. घर उतरवून नवें बांधावयाचें असेल तर नगरपालिकेनें मंजूर केलेला नकाशा भाडें नियंत्रकापुढें पुरावा म्हणून येऊं लागला. मोरी आणि ओटा यांच्यासाठीं जन्मलेला हा कागद आतां भाडेकरी राहणार कीं जाणार याच्या वादांत साक्षीदार झाला. नकाशा मंजूर असला तर मालकाचा हेतु खरा मानावयाचा, नसला तर शंका घ्यावयाची. पुढें मालकांनीं दुरुस्तीच सोडून दिली, भाड्याच्या खोल्या बांधणें सोडून दिलें. बाजारपेठेंतल्या जुन्या घरांच्या भिंती ज्या पोट काढून उभ्या राहिल्या, त्यांत पावसाचा दोष थोडा आणि या कज्ज्यांचा अधिक.

हा आदेश किती काळ टिकला? मध्यप्रांत व वऱ्हाड हें नांव १९५० सालीं गेलें. १९५६ सालीं जिल्हा राज्यासकट बदलला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. आदेश आपला होता तेथेंच होता. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडें नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजीं अंमलांत आला तेव्हां तो रद्द झाला. आणीबाणीची तजवीज म्हणून काढलेला हुकूम अर्धशतक जगला.

याच सुमारास खेड्यांतही मोठी उलथापालथ झाली. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी गेली. मालकी हक्क नाहींसे करणाऱ्या मध्यप्रदेशच्या कायद्यानें गांव, पडीत, तलाव आणि आबादी सरकारकडे आली. ज्यांचीं घरें उभीं होतीं तीं त्यांचींच राहिलीं, अंगणें आणि वाडे यांची जागा सरकारनें त्यांच्याशीं करार करून त्यांच्याकडे ठेवावयाची, अशी तरतूद होती. कुळाच्या डोक्यावरचा धनी गेला, हें मोठेंच कार्य झालें. परंतु मालगुजार गेला तेव्हां त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यांतला नकाशाही गेला. कोणाचें अंगण कोठवर आणि गल्ली कोठून, हें जें तो तोंडानें सांगत असे, तें आतां तलाठ्याच्या दप्तरांत शोधावें लागलें. आणि दप्तरांत तें सर्वच ठिकाणीं नव्हतें.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत आले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यांत अशी सोय होती कीं, बदल होईपर्यंत ज्या मुलखांत जो कायदा चालूं होता तोच तेथें चालूं राहावा. व्यवहाराला ती आवश्यकच होती. पण तिचे परिणाम मौजेचे झाले. १९५० च्या मध्यप्रदेश गृहनिर्माण मंडळ कायद्याखालीं विदर्भासाठीं १९६० सालीं स्वतंत्र विदर्भ गृहनिर्माण मंडळ आलें. मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली तरी त्याचा गृहनिर्माण कायदा मुंबईच्या सचिवालयांत नांदत राहिला. १९७६ चा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास कायदा डिसेंबर १९७७ मध्यें अंमलांत आला, तेव्हां कोठें राज्यभरचीं सारीं मंडळें एका छताखालीं आलीं.

नगररचनेच्या बाबतींत मात्र मुंबई राज्य नागपूरच्या फार पुढें होतें. १९१५ सालींच तेथें नगररचनेचा कायदा झाला होता. १९५४ च्या कायद्यानें नगरपालिकांवर सबंध शहराची विकास योजना करण्याची जबाबदारी टाकली. आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें ती पद्धत सर्व राज्याला लागूं केली. भंडाऱ्याच्या नगरपालिकेनें शंभर वर्षांत प्रथमच केवळ मोरीचा नव्हे, तर भविष्याचा विचार करावयाचा, असा याचा अर्थ होता. या जमिनीवर शाळा, त्या जमिनीवर क्रीडांगण, येथून रुंद रस्ता, असें कागदावर रंगवावयाचें आणि त्या रंगाप्रमाणें पुढें परवानगी द्यावयाची किंवा नाकारावयाची.

कायद्याची घडी सुबक आहे. बांधकाम करणारानें अर्ज द्यावा. ६० दिवसांत उत्तर आलें नाहीं तर, बांधकाम नियमांस धरून असल्यास, परवानगी मिळाली असें समजावें. नकार मिळाला तर अपील करावें. पण अपील कोणाकडे? राज्य सरकारकडे. योजना तयार करावी नगरपालिकेनें, मंजूर करावी राज्य सरकारनें; तींत बदल सुचवावा नगरपालिकेनें, मान्य करावा राज्य सरकारनें. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें नगररचना व बांधकामाचें नियमन हे विषय नगरपालिकांच्या यादींत घातले गेले खरे, तथापि अंतिम शिक्का राजधानींतच राहिला. आणि सरकारला स्वतःला इमारत बांधावयाची असेल तर? तेव्हां अर्ज नाहीं; संबंधित अधिकाऱ्यानें आपला इरादा ३० दिवस आधीं नगरपालिकेस कळवावा, एवढेंच कलम ५८ सांगतें. नागरिकानें विचारावयाचें, सरकारनें कळवावयाचें.

ज्याच्या जमिनीवर योजनेंत क्रीडांगणाचा हिरवा रंग पडला, त्याची अवस्था पाहा. त्याला तेथें घर बांधतां येत नाहीं. नगरपालिकेनें ती जमीन विकत घ्यावयाची. पण तिच्या तिजोरींत पैसा कोठून येणार? कायदा म्हणतो, योजना अंमलांत आल्यापासून दहा वर्षें वाट पाहावी, मग नोटीस द्यावी, आणि नोटिशीच्या मुदतींतही जमीन घेतली गेली नाहीं तर आरक्षण संपावें. ही मुदत मूळ कायद्यांत सहा महिन्यांची होती. पुढें ती वाढत वाढत दोन वर्षांवर गेली. मुंबईच्या महापालिकेला जी जमीन घेणें जड जातें, ती भंडाऱ्यासारख्या नगरपरिषदेला किती जड जात असेल याची कल्पना करा. मुलांना मैदान मिळत नाहीं आणि मालकाला घर मिळत नाहीं, अशी जागा गवत वाढवीत पडून राहते.

आतां वैनगंगेकडे वळूं. २२ एप्रिल १९८८ रोजीं पवनी तालुक्यांत गोसेखुर्द धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाली. धरणाच्या पाण्याखालीं गांवें गेलीं आणि त्यांच्यासाठीं नवीं गांवठाणें आंखली गेलीं. सरळ रस्ते, मोजून दिलेले भूखंड, शाळेची जागा ठरलेली. मालगुजाराच्या शब्दावर उभ्या राहिलेल्या कित्येक घरांचें रीतसर मोजमाप प्रथम झालें, तें तीं बुडावयाचीं होतीं म्हणून.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्यप्रदेशांत झालेला मुसळधार पाऊस आणि वरच्या धरणांतून सुटलेलें पाणी खालीं आलें आणि भंडारा शहरांतील सखल वस्त्यांत शिरलें. नदी कांहीं राज्यांच्या सीमा पाहून वाहत नाहीं. नगररचनेच्या भाषेंत पुराच्या दोन रेषा असतात, निळी आणि तांबडी : निळीच्या आंत बांधूं नये, दोहोंच्या मध्यें बांधावयाचें तर जोतें तांबड्या रेषेच्या पातळीहून उंच ठेवावें. कागदावर हें निर्विवाद आहे. परंतु नदीकांठच्या जुन्या वस्त्या रेषांहून वडील आहेत. तेथील माणूस पडलेली भिंत पुन्हां उभारावयास निघाला कीं त्याच्यापुढें रेषा येते. आणि तो विचारतो, मी जावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर नियमांत नसतें, तें जमिनीच्या उपलब्धतेंत असतें.

या पुरानंतर तीन महिन्यांनीं, डिसेंबर २०२० मध्यें, मुंबई आणि इतर थोडे प्रदेश वगळून सर्व राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागूं झाली. आणि त्यानंतर महिना-सवामहिन्यांत, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांतील नवजात बालकांच्या विशेष कक्षास आग लागली. दहा अर्भकें गेलीं. सात वांचविलीं गेलीं. राज्यांत अग्निप्रतिबंधाचा कायदा २००६ चा होता; इमारतीच्या मालकानें किंवा भोगवटादारानें वर्षांतून दोनदां, जानेवारींत आणि जुलैमध्यें, अग्निसुरक्षेच्या साधनांचें प्रमाणपत्र द्यावें असें तो सांगत होता. दुर्घटनेनंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम सुटले. सरकारी इमारतीला ‘कळवावें’ आणि नागरिकाच्या इमारतीला ‘विचारावें’ हा जो भेद मीं मघाशीं सांगितला, तो त्या दिवशीं अनेकांच्या मनांत नव्यानें उभा राहिला असेल. घरावरचा ओटा चार बोटें पुढें आला तर नोटीस काढणारें राज्य स्वतःच्या भिंतींना तोच प्रश्न कितीदां विचारतें?

नव्या नियमावलीनें लहान माणसाला मात्र एक सवलत दिली. दीडशें चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणारानें नकाशा सादर करून शुल्क भरलें कीं तीच पावती त्याची परवानगी. दीडशें ते तीनशें मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत मंजुरी. भंडाऱ्याच्या जुन्या पेठांतील बहुतेक घरें याच मापांत बसतात, म्हणून ही सवलत थोडी नव्हे. परंतु ती पावती घेण्यासाठीं खिडकीपाशीं उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न जमिनीचा विचारला जातो. मग तो पिशवी उघडतो, आणि आजोबांच्या नांवाचा नझूलचा पट्टा, घडीवर फाटलेला, खिडकींतून आंत सरकवतो.